चावडीतला संगमरवरी दगड : आकडा आहे, नावं नाहीत

खिंडीपलीकडे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण घाई आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे भावकीचे विषय निघणारेत. गावची जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. गेल्या आठवड्यात सामान हलवायला मदतीला गेलो तर आतल्या भिंतीत, लाईटच्या मीटरच्या फळीमागे, एक दगड दिसला. दोन वीत रुंद असेल. आम्ही लहानपणापासून तिथे बघतोय पण आम्हाला वाटायचं कोणा देणगीदाराची पाटी असेल, कारण त्यावर दर वेळी भिंतीबरोबर रंग फासलेला. आधी चुना, मग फिकट निळा, मग ऑइलपेंट. एक टवका निघाला तर खाली पांढराशुभ्र संगमरवर आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरं.

जेवढं लागलं तेवढं असं : फ्रॉम धिस व्हिलेज ४१ मेन वेंट टू द ग्रेट वॉर १९१४-१९१९, ऑफ दीज (इथे आकडा) गेव्ह अप देअर लाइव्ह्ज. म्हणजे या गावातून ४१ माणसं महायुद्धाला गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले.

आणि कपाळ बघा, मीटरची फळी ठोकताना ज्याने कोणी स्क्रू मारला तो बरोब्बर त्या मेलेल्यांच्या आकड्यात मारलाय. ३ आहे, ६ आहे की ८ कळत नाही. गावात विचारलं तर कुणालाच माहीत नाही. ४१ माणसं या एवढ्याशा गावातून गेली आणि आज एकाचंही नाव कुणाला सांगता येत नाही हे मला काही पचत नाहीये.

प्रश्न तीन. आकडा कसा वाचायचा, रंग कसा काढायचा आणि नावं कुठे मिळतील. ठेकेदार म्हणतो काढताना फुटला तर जबाबदारी माझी नाही.

टॅबवर_टॅब

अरे वा, भारी सापडलंय. हे दगड इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांतून जास्त भरती झाली तिथे बसवले. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच, फक्त दोन आकडे बदलायचे. तुमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यात प्रसिद्ध, त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेले. गेले म्हणजे वारले.

१९१९ का, हे कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. गोळीबार थांबला ११ नोव्हेंबर १९१८ ला पण व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. म्हणून बऱ्याच स्मारकांवर १९१९ असतं.

भारतातून १३ लाखांच्या आसपास लोक परदेशी पाठवले गेले, ७४ हजारांच्या वर मेले. नावांचं मात्र अवघड आहे. पंजाबवाल्यांचं नशीब की लाहोरच्या म्युझियममध्ये गाववार रजिस्टर निघाली, ३ लाख २० हजार सैनिकांची. आपल्याकडे तसं काही घबाड हाती लागलेलं माझ्या तरी बघण्यात नाही, त्यामुळे उलट्या बाजूने शोधावं लागेल, म्हणजे मेलेल्यांच्या यादीतून गाव.

सदाफुली

आधी एक हात जोडून विनंती. अ‍ॅसिड लावू नका!! संडास साफ करायचं लिक्विड, लिंबू, व्हिनेगर काहीही नाही. संगमरवर म्हणजे चुनखडीच, अ‍ॅसिडने तो विरघळतो. आमच्याकडे एका देवळातला लेख एका उत्साही मंडळाने असाच 'चकाचक' केला, आता गुळगुळीत दगड आहे नुसता. तारेचा ब्रश नाही, ग्राइंडर तर अजिबातच नाही. साधं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची चपटी काडी. अक्षरांत शिसं भरलेलं असू शकतं, ते खरवडून काढू नका.

आकड्यासाठी सोपी युक्ती. रात्री सगळे दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटून आडवा धरा, समोरून नाही. खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि दिवसा न दिसणारं दिसतं. टॉर्च चारी बाजूंनी फिरवून फोटो काढा.

रोखठोक_राव

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. हे लोक कुणासाठी लढले? ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांच्यासाठी. पगारी नोकर होते. त्यांचं स्मारक आणि आपल्या स्वातंत्र्यसैनिकांचं स्मारक एकाच पारड्यात घालणं मला तरी पटत नाही. दगड म्युझियमला द्या आणि विषय संपवा.

सुभेदार_निवृत्त

रोखठोक साहेब, राग नाही. पण पगारी तर मीही होतो.

त्या वेळी शिपायाला महिना ११ रुपये पगार. कोरडवाहू रान, घरात चार भाऊ, त्यातले दोन पलटणीत गेले की उरलेल्यांचं पोट भरायचं. कोण राजासाठी गेला आणि कोण साहुकारासाठी, हे आज आपण खुर्चीत बसून ठरवणार? बाकी त्या काळी टिळकसुद्धा म्हणत होते की भरतीला माणसं देऊ पण स्वराज्याचं बोला, आणि १९१८ च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मधेच थांबवलं. एवढा सरळ विषय नव्हता तो.

खिंडीपलीकडे, कामाचं सांगतो. सातारकडचे बहुतेक मराठा पलटणींत. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे नंबर लक्षात ठेवा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि तिथल्या कुत या गावच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडी खायची वेळ आली. शेवटी साधारण १३ हजार माणूस तुर्कांच्या कैदेत गेलं आणि वाळवंटातून चालत नेताना पटापट मेलं. त्यामुळे तुमच्या गावचे जे आले नाहीत त्यातले बरेचसे तिकडचेच निघतील. पुण्याच्या सॅपर्समध्येही, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीतही शोधा.

वीरगळवेडा

रोखठोक, एक गंमत सांगतो. तुमच्या गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी शेंदूर फासलेले उभे दगड असतील बघा. ते वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, कधी कधी गाई पळवणाऱ्यांशी, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो माणूस यादवांचा होता की शिलाहारांचा की नुसता गावच्या पाटलाचा, हे आपण कधी विचारलं का? नारळ फोडतो आणि पुढे जातो. बहुतेक वीरगळांवर नाव पण नसतं. तिथे निदान माणसाचं चित्र तरी असतं, यांच्या नशिबी नुसती बेरीज आली.

रोखठोक_राव

वीरगळाचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही. पण चालू द्या, वाचतोय.

खिंडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

काल रात्री लाईट गेलीच होती, तीच संधी साधली. मी, चुलतभाऊ आणि शाळेचे गुरुजी. सदाफुलीताईंनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च भिंतीला घासून धरला आणि खरं सांगतो अंगावर काटा आला, ऑइलपेंटच्या खालून एकेक अक्षर उठून उभं राहिलं. स्क्रूच्या भोकाने आकड्याची उजवी बाजू खाल्लीय पण डावी शाबूत आहे. डावी रेघ वरून खालपर्यंत सलग वळत आलीय, मधे कंबर नाही. म्हणजे ८ नाही, आणि ३ ला डावीकडे रेघच नसते. गुरुजींनी खडूने फळ्यावर तिन्ही आकडे काढून दाखवले आणि म्हणाले सहा.

सहा जण. आता नावं.

टॅबवर_टॅब

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर जा. १९१७ साली स्थापन झालेली संस्था, मेलेल्यांची नावं आणि थडगी सांभाळणं हेच तिचं काम. सैनिकाच्या नावाने शोधू नका, तुम्हाला नाव माहीतच नाही. 'अधिक माहिती' अशा अर्थाचा एक रकाना आहे, त्यात गावाचं नाव टाका. अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, अमुक गाव, सातारा अशी नोंद असते. फक्त स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं पडलं तसं. 'व' चा 'ओ' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, 'वाडी' कधी जोडून कधी तोडून. पंधरा-वीस प्रकारे मारून बघा. तालुक्याच्या नावाने पण बघा.

आणि एक मनाची तयारी ठेवा. मेसोपोटेमियात ज्यांचं थडगं नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला मेमोरियल आहे, ४० हजारांच्या वर लोकांचं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचं काय केलं माहितीये? पलटणीचं नाव आणि खाली आकडा. बस्स. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने कबूल केलं की ४५ ते ५४ हजार लोकांची आठवण अशी असमान ठेवली गेली, आणि निदान १ लाख १६ हजारांची नावाने नोंदच झाली नाही. आता वेबसाइटवर बरीच नावं चढवलीत, भिंतीवर मात्र आकडाच.

खिंडीपलीकडे

म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर पण आकडा आणि आमच्या चावडीत पण आकडा. कमाल आहे.

मधली_आळी

मी इंग्लंडमध्ये राहते, इथे दर खेड्यात चर्चबाहेर एक क्रॉस किंवा दगड असतो, शंभर उंबऱ्यांच्या गावातसुद्धा. नावं आडनावाच्या क्रमाने, बऱ्याच ठिकाणी हुद्दा सुद्धा नाही, मेजर आणि शिपाई एका ओळीत. एकाच आडनावाची तीन नावं एकाखाली एक आली की तिथेच पाय थबकतात. नोव्हेंबरात लोक जमतात आणि कुणीतरी सगळी नावं मोठ्याने वाचतं. आकड्याचं तसं करता येत नाही, 'सहा' एवढं म्हणून काय करणार?

सुपारीबाग

रत्नागिरीकडून बोलतेय. आमच्याकडचे लोक पलटणीत गेले तसे बोटीवर पण गेले, खलाशी आणि आगवाले म्हणून. त्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दोन हजारांहून जास्त नावं आहेत, मुंबईतल्या माणसांना पत्ता नसतो.

पण मी दुसरंच सांगायला आले. खिंडीपलीकडे, गावात घरोघर एक विचारा. तळहातापेक्षा मोठी, जड, पितळेसारखी दिसणारी गोल ताटली कुणाकडे आहे का? साधारण १२ सेंटिमीटरची. त्यावर हातात पुष्पचक्र घेतलेली एक बाई आणि सिंह असतो. युद्धात मेलेल्याच्या घरी ती सरकारकडून यायची, हिंदी सैनिकांच्या घरीसुद्धा. ती ब्राँझची असते आणि मुख्य म्हणजे त्या त्या माणसाचं नाव उठावदार अक्षरात ओतलेलं असतं, हुद्दा न घालता. माझ्या आजोळी ती होती, माठावर झाकण म्हणून. सिंह आहे म्हणून आम्ही मुलं त्या बाईला देवीच समजायचो.

सुभेदार_निवृत्त

अगदी बरोबर. आणि मेडल पण विचारा. चांदीचं गोल मेडल, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक कोरलेली असते. भिंग लागेल. दुष्काळात बरीच मेडलं सोनाराकडे जाऊन वितळली, चांदीच ती, पण एखादं राहिलं असेल. मेडल परत आलेल्यांनाही मिळायचं, त्यामुळे त्यावरून मेला की जगला ठरवू नका, ताटलीवरून ठरवा.

बोलकी_भिंत

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. ४१ मध्ये कोण कोण मोजलंय? शोधताना फक्त पाटील आणि भावकीच्या दारात जाऊ नका. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली, काम संपलं की घरी. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं महारांची भरतीच बंद केली होती. शिवाय खेचरं हाकणारे, ओझी वाहणारे, पखालजी, मोची हे सगळे 'फॉलोअर' म्हणून गेले, त्यांना तेच मेडल ब्राँझचं, चांदीचं नाही. बौद्धवाडीत विचारलंत का? मातंगवाड्यात? नवीन दगड कोराल आणि सहातले दोन इकडचे निघाले तर?

खिंडीपलीकडे

खरं सांगतो, नव्हतं विचारलं. डोक्यातच आलं नव्हतं, लाज वाटली वाचून. उद्या जातो.

खिंडीपलीकडे

दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी, बांधकामाच्या भानगडीत अडकलो होतो.

वेबसाइटवर दोन नावं सापडली. पहिलं बारा-तेरा स्पेलिंगनंतर लागलं, गावाचं नाव असं लिहिलंय की आमच्या गावची माणसंसुद्धा ओळखणार नाहीत, पण बापाचं नाव, तालुका सगळं जुळतं. ११७ मराठा, बसरा मेमोरियल. म्हणजे तिथे भिंतीवर तो आकड्यात आहे. दुसरा दिल्लीचा निघाला! इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत त्यात आमच्या गावचा माणूस आहे. वायव्य सरहद्दीवर वारलेला. कॉलेजच्या ट्रिपला मी त्या कमानीखाली उभा राहून आइस्क्रीम खाल्लंय आणि वर बघितलं पण नाही.

तिसरं नाव ताटलीवरून. सुपारीबागताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. सगळीकडे विचारलं, सगळे नाही म्हणाले. मग बौद्धवाडीतून परत येताना वाटेत एका म्हातारीच्या घरी पाणी प्यायला थांबलो, नव्वदीची आहे, तिला सहज विचारलं बाई आणि सिंह असलेली ताटली. म्हणाली ती व्हय, ती तर देव्हाऱ्यात हाय.

देव्हाऱ्यात टाकांच्या मागे उभी करून ठेवलेली. खंडोबा, भवानी, वीर आणि मागे ही. शंभर वर्षं हळदकुंकू लावून लावून बाईचा चेहरा पार झिजलाय, सिंहाची नुसती पाठ राहिलीय. पण नावाची चौकट उजवीकडे वर आहे, तिथे बोट कमी जात असावं, अक्षरं टणटणीत. म्हातारीला वाचता येत नाही, तिच्या सासूने सांगितलं होतं हा मामंजींचा थोरला भाऊ, लढाईतून आला नाही, म्हणून त्याला देवात बसवला. सुनांना माहीत नव्हतं, नातवांना तर नाहीच. ताटली बाहेर काढू देईना, देव हलवायचा नसतो म्हणाली. मग तिथेच पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, शाळेत नाण्याची करायचो तशी. नाव उमटलं ते तिला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, पुरं नाव आज कळलं.

नाव इथे टाकत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.

बौद्धवाडीत एक ब्राँझचं मेडल मिळालं, कडेवर लेबर कोअर, म्हणजे मजुरांची तुकडी, असं लिहिलंय. हा माणूस परत आला होता, नंतर पटकीत गेला म्हणतात. म्हणजे सहात नाही पण ४१ मध्ये असणार, आणि त्याचा पणतू माझ्या वर्गात होता, दहा वर्षं एका बाकावर बसलो आम्ही.

बोलकी_भिंत

लिहिलंस ते बरं केलंस भावा.

सदाफुली

दगडाचं काय झालं ते सांगा ना. निघाला का नीट?

खिंडीपलीकडे

निघाला. गवंड्याने कडेने प्लास्टर फोडून चार बोटं भिंतीसकट काढला, आता शाळेत गोणपाटावर ठेवलाय. एक कोपरा टवकला, जुनाच तडा होता. रंग अजून अर्धाच काढलाय, गुरुजी रोज शाळा सुटल्यावर बांबूची काडी घेऊन बसतात, आता ते कुणाला हात लावू देत नाहीत.

आता भांडण वेगळंच आहे. २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत शिलाफलक बसवला ना, तो आमच्याकडेही आहे, त्यात ही नावं नाहीत कारण तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. काही जण म्हणतात त्याच्याच शेजारी नवीन ग्रॅनाइट लावा आणि जुना दगड टाका आत कुठेतरी. एक जण म्हणतो उरलेली तीन नावं 'अंदाजाने' टाकून द्या, प्रत्येक वाडीचं एक म्हणजे तंटा नको. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचाय.

सुभेदार_निवृत्त

अंदाजाने एक अक्षर कोरायचं नाही. पलटणीत ज्याचा पत्ता लागला नाही त्याला 'बेपत्ता' लिहितात, दुसऱ्याचं नाव लिहीत नाहीत. तीन मिळाली तर तीन कोरा, खाली तीन ओळींची जागा सोडा. आणि जुना दगड नव्याच्या वर बसवा, बाजूला नाही. त्या स्क्रूच्या भोकासकट.

रोखठोक_राव

मी म्युझियमला द्या म्हणालो होतो. ते मागे घेतो. बाकी मतं तीच आहेत, पण ती देव्हाऱ्याची पोस्ट मी घरी वाचून दाखवली. नवीन दगडाला वर्गणी काढणार असाल तर कळवा.

खिंडीपलीकडे

कळवतो राव. पाथरवटाला आजच विचारलं, तो अक्षरावर पैसे घेतो. कोऱ्या जागेचे किती म्हटलं तर हसायला लागला, म्हणाला कोऱ्याचे कसले पैसे, पण नंतर नावं मिळाली तर दगड उभा असताना कोरावं लागेल, त्याला जास्त पडतात, तेव्हा काय शोधायचं ते आत्ताच शोधा.

मी परत वेबसाइट उघडून बसलोय. तालुक्याच्या नावाचं अजून एखादं स्पेलिंग सुचत असेल तर टाका.